दोन सरकारांच्या मधलं जहाज

बाईंनी राजीनामा दिला तो रागाच्या भरात. रागाच्या भरात दिलेली गोष्ट परत मागता येत नाही, हे वर्गातल्या मुलींना सांगण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. पण दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःच्या वेळी आठवेलच असं नाही.

त्या देशाच्या पंतप्रधान होत्या. त्याआधी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि राजकारणात येऊन केस पांढरे झाले तरी 'बाई' हे नाव काही सुटलं नव्हतं. मंत्री त्यांना बाई म्हणत, दारावरचा शिपाई बाई म्हणे, आणि विरोधी पक्षाचे लोकही शिव्या देताना बाईच म्हणत. निवडणुकीचा निकाल लागला त्या दुपारी समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी नेमके त्यांच्या कचेरीच्या खिडकीखाली ढोल बडवले. बाईंनी खिडकी लावून घेतली, कागद मागवला, दोन ओळी लिहिल्या आणि गाडी थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे घ्यायला सांगितली.

राष्ट्राध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. सावकाश बोलणारे, त्याहून सावकाश वाचणारे. दोन ओळी वाचायला त्यांनी पुरेसा वेळ घेतला आणि विचारलं, एवढी घाई कशाची? हरलात हे खरं, पण नवं सभागृह भरायला अजून आठवडा आहे आणि जिंकलेल्या डॉक्टरांची दोन मित्रपक्षांशी बोलणी अजून चालूच आहेत. तोवर तुम्ही रीतसर पंतप्रधान आहात, राहा की. बाजूला उभे असलेले मंत्रिमंडळाचे सचिव खोकले. सचिवांना 'नाही' म्हणायचं असलं की ते खोकत. सगळी नोकरी त्यांनी त्या खोकल्यावर निभावली होती. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. उपकाराची खुर्ची आपल्याला एक दिवसही नको, असं त्या म्हणाल्या आणि आल्या पावली परत गेल्या. याला म्हणतात आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

कारण राजीनामा हाती पडताच त्यांचं सरकार 'काळजीवाहू' झालं. म्हणजे काय, ते सचिवांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. पगार द्यायचे, रस्त्याचे खड्डे बुजवायचे, आलेले फोन घ्यायचे. पण ज्यानं येणाऱ्या सरकारचे हात बांधले जातील असं काही करायचं नाही. कुठल्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आजवर सगळे तसं वागत आले म्हणून पुढच्यानंही तसंच वागायचं.

बाईंच्या यजमानांना हे ऐकून भारी मौज वाटली. ते नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारी बंगल्याच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ते कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"म्हणजे काळजी करायची, पण करायचं काहीच नाही," ते म्हणाले. "लेकीचं लग्न झाल्यापासून आपण दोघं दुसरं काय करतोय?"

मग त्यांनी एका बशीवर बाईंचा पहिल्या पानावरचा फोटो ताणून बसवला आणि तुझा चेहरा काचसामानाला फार चांगला बसतो, असंही ऐकवलं. बाईंना हसू आलं नाही. त्यांना हरल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त डाचत होतं ते ढोरडॉक्टरकडून हरल्याचं.

हे ढोरडॉक्टर म्हणजे आता होऊ घातलेले पंतप्रधान. पेशानं खरोखरच जनावरांचे डॉक्टर. 'ढोरांच्या डॉक्टराच्या हाती माणसं सोपवायची का?' हे प्रचारातलं वाक्य खुद्द बाईंचं. सभेत हशा आणि टाळ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी ते नाव पदक मिळाल्यासारखं छातीवर मिरवलं आणि उलट बाईंना 'छडीबाई' करून टाकलं. शेवटी हसणारे हसले आणि मतं डॉक्टरांना पडली.

राजीनाम्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बंदराबाहेर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. जहाजाची कंपनी बुडाली होती आणि मालक फोन उचलत नव्हता. जहाजावर तापाची साथ होती. आधीच्या सगळ्या बंदरांनी त्यांना बाहेरच्या बाहेर हाकललं होतं. आता इंजिनात तेल नव्हतं आणि प्यायचं पाणी संपत आलं होतं. एक खलाशी कालच गेला होता. "बाई, ताप औषधानं बरा होणारा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण औषध इथे आणि माणसं तिथे. धक्क्याच्या टोकाला जुनं गोदाम आहे, तिथे खाटा टाकते, गावाशी संबंध येऊ देत नाही. फक्त उतरवून घ्यायची परवानगी द्या."

आणि घोडं अडलं ते परवानगीपाशीच. आदल्या वर्षी एका जहाजानं रोग आणला होता, बंदराच्या गावात माणसं दगावली होती, आणि तेव्हा सभागृहानं कायदा केला होता की साथीचं जहाज आत घ्यायचं तर मंत्रिमंडळाचा निर्णय हवा आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही हवी. कायदा बाईंच्याच सरकारनं आणलेला. तो आणायला भाग पाडलं होतं विरोधी बाकावरच्या डॉक्टरांनी, आणि या निवडणुकीत तर 'बंदर बंद, घर सुखरूप' हीच त्यांची घोषणा होती. बंदराच्या गावानं त्यांना भरभरून मतं दिली ती त्या चार शब्दांवर.

बाईंनी मंत्रिमंडळ बोलावलं. निम्मे मंत्री आपापल्या गावी निघून गेलेले, एक तर थेट सासुरवाडीला जाऊन बसलेले. पण जमले तेवढ्यांनी निर्णयाला माना डोलावल्या. जाणाऱ्या सरकारात एकमत फार लवकर होतं. सचिव मात्र बैठकभर खोकत राहिले आणि शेवटी बाईंनी त्यांना पाणी मागवून दिलं.

राष्ट्राध्यक्षांनी निर्णयाचा कागद सावकाश वाचला. बाईंना वाटलं होतं, एक तर सही होईल किंवा नकार मिळेल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. राष्ट्राध्यक्षांनी एक प्रश्न विचारला.

"पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांना शपथ देईन. पहिल्याच दिवशी त्यांनी हे फिरवलं, तर खाटेवर घेतलेली माणसं पुन्हा होडीत घालायची का?"

ते पुढचं पुढे पाहू, तुम्ही आधी सही करा, असं बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. राष्ट्राध्यक्षांचा आवाज होता तसाच राहिला. मंत्रिमंडळानं सल्ला दिला की सही करायची हे आपलं काम, ते म्हणाले, आणि आपल्या मनात काय आहे याला काडीची किंमत नाही. पण सल्ला देणाऱ्या मंत्रिमंडळानं आधीच राजीनामा दिलेला असला, तर येणाऱ्याला विचारलंत का, एवढं विचारणं हेही आपलंच काम. तुम्ही राजीनामा द्यायला आला नसतात तर हा प्रश्न मला विचारताच आला नसता, असं ते वर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच झोंबलं.

"मी नाही म्हणत नाही, बाई. उद्या सकाळपर्यंत त्यांना विचारून या. तोवर पाण्याची एक होडी जहाजाकडे जाऊ द्या. तहानलेल्याला पाणी देणं हे रोजचं काम आहे, त्याला कुणाची सही लागत नाही."

बाई गाडीत बसल्या. इतकी वर्षं त्या सत्तेत होत्या आणि सत्ता म्हणजे एक खुर्ची, एवढंच त्यांना कळत होतं. आज कळलं की ही तीन कुलपांची पेटी आहे. निर्णयाचा कागद त्यांच्याकडे होता पण लोकांचा कौल नव्हता, कौल डॉक्टरांकडे होता पण कागद नव्हता, आणि शिक्का ज्यांच्याकडे होता त्यांना आपण होऊन बोटही हलवता येत नव्हतं. तिकडे समुद्रात माणसं तापानं फणफणत होती.

घरी येऊन त्यांनी यजमानांपुढे सगळा राग काढला. त्या न्यायाधीशाला काही कळत नाही, सचिवाला घसा तेवढा आहे, आणि आता मी त्या ढोरडॉक्टरच्या दारात जाऊन उभी राहू का, वगैरे. यजमान एक किटली गुंडाळत होते. ते म्हणाले, "त्याला ढोरडॉक्टर हे नाव कुणी दिलं गं?"

बाईंनी एक बशी ओढून घेतली आणि कागदात गुंडाळायला लागल्या.

"मग माफीपासून सुरुवात कर. वेळ वाचेल."

डॉक्टरांचा दवाखाना गावाच्या कडेला होता. पंतप्रधान व्हायला निघालेला माणूस अजून रोज तिथे येऊन बसतो, यावर वर्तमानपत्रांनी कौतुकाचे रकाने भरले होते. डॉक्टरांचं स्वतःचं म्हणणं असं की मित्रपक्षांपेक्षा इथले पेशंट कमी चावतात. बाई आत शिरल्या तेव्हा फिनेलचा वास घशात बसला. टेबलावर एक म्हातारा काळा कुत्रा आडवा पडला होता, त्याच्या मागच्या पायाला टाके घालायचे होते आणि कुत्र्याचा मालक रक्त बघून बाहेर जाऊन बसला होता. डॉक्टरांनी वर पाहिलं. बाईंना पाहून ते म्हणाले, "बरं झालं आलात. जरा डोकं धरता का याचं? चावत नाही तो, नुसता घाबरतो."

देशाच्या काळजीवाहू पंतप्रधानांनी पर्स खुंटीला अडकवली आणि कुत्र्याचं डोकं धरलं.

प्रचारात आपण जे बोललो ते हलकं होतं, असं बाईंनी कुत्र्याच्या कानाकडे पाहत सांगून टाकलं. डॉक्टर सुई ओवत होते. छडीबाई हेही काही फार भारदस्त नव्हतं, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, मी जन्मात कधी छडी हातात घेतली नाही. "माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "माझी धाकटी बहीण तुमच्या वर्गात होती. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही."

मग बाईंनी जहाजाचं सगळं सांगितलं. डॉक्टर टाके घालत ऐकत होते. मधूनच त्यांनी दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. ताप कसा पसरतो, गोदामाचं सांडपाणी कुठे जातं, डॉक्टरीणबाईंकडे माणसं किती. उत्तरं ऐकून त्यांनी मान हलवली. करण्यासारखं आहे, हे त्यांना कळलं होतं. ते बाईंनाही दिसलं आणि त्यांना पहिल्यांदा थोडी आशा वाटली.

"करण्यासारखं आहे," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले. "पण मी करू शकत नाही. लोकांनी मला चार शब्दांवर निवडून दिलं आणि तुम्ही मला शपथेच्या आधीच त्यातले दोन खायला सांगताय."

बाई या उत्तराची तयारी करूनच आल्या होत्या. सगळं माझ्या नावावर जाऊ द्या, त्या म्हणाल्या. मी नाहीतरी चाललेच आहे, माझं आता काय जायचं शिल्लक आहे? तुम्ही नुसते मूग गिळून बसा, आणि खुर्चीवर बसल्यावर सांगा की जाता जाता बाईंनी करून ठेवलं, माझा नाइलाज आहे. डॉक्टर हसले. सौदा त्यांना पसंत पडला होता, ते लपत नव्हतं. असं असेल तर आपण गप्प बसायला तयार आहोत, असं ते म्हणाले.

एवढ्यावर बाईंनी उठायला हरकत नव्हती. त्या उठल्याही. मग राष्ट्राध्यक्षांचा प्रश्न आठवला आणि त्या पुन्हा बसल्या. गप्प बसणं म्हणजे वचन नव्हे. आज गप्प बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात मित्रपक्षांनी कान पिळले की बोलू लागतो, आणि मग खाटेवरची माणसं पुन्हा होडीत जातात.

"गप्प बसून भागायचं नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी हे फिरवणार नाही, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायला हवं. धक्क्यावर, तुमच्याच लोकांपुढे."

डॉक्टरांनी शेवटची गाठ मारली, दोरा कापला आणि हात धुवायला गेले. ते बराच वेळ हात धूत राहिले. कुत्रा बाईंच्या मनगटावर हनुवटी टेकून पडला होता.

"मी तसं म्हटलं, तर पहिल्याच अधिवेशनात तुम्ही समोरच्या बाकावरून उठाल," ते पाठमोरेच म्हणाले. "तुमची भाषणं मी इतकी वर्षं ऐकलीत. एकच वाक्य बोलाल, आणि ते माझ्या मरेपर्यंत माझ्या मागे राहील. काय बोलाल तेही मला अर्धं माहीत आहे."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण गाडीतून इकडे येताना, आजारी माणसांची काळजी करता करताच, ते वाक्य त्यांच्या मनात आपोआप जुळून आलं होतं. ते इतकं चपखल होतं की त्यांनी दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं. हरल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं ते त्या वाक्यानं. आता त्याची लाजही वाटत होती.

"पुरं माझ्याकडे तयार आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर वळले. हातांतून पाणी ठिबकत होतं. "मग ते मला देऊन टाका. मी माझे दोन शब्द खातो, तुम्ही तुमचं ते वाक्य गिळा. कुठेही बोलायचं नाही, कधीच नाही. आणि तुमच्या बाकावरून दुसरं कुणी बोललं, तर त्याला उत्तर तुम्ही द्यायचं, मी नाही."

बाहेर कुत्र्याचा मालक झालं का म्हणून विचारत होता. बाईंनी विचार केला. सगळा दोष डोक्यावर घ्यायला त्या हसत तयार झाल्या होत्या. ते सोपं होतं, त्यात एक मोठेपणा होता. हे मात्र जड जात होतं. पुढची कितीतरी वर्षं विरोधी बाकावर बसायचं आणि हातातलं सगळ्यात धारदार हत्यार म्यानात गंजू द्यायचं, तेही कुणाला न सांगता.

"दिलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं राष्ट्राध्यक्षांकडे गेले. राष्ट्राध्यक्षांनी आपला प्रश्न या खेपेस डॉक्टरांना विचारला, डॉक्टरांनी 'फिरवणार नाही' असं दोन शब्दांत सांगितलं, आणि सही झाली. सचिव खोकले नाहीत. एवढी शांतता कशाची म्हणून बाईंनी वळून पाहिलं, तर ते नुसते उभे होते आणि चक्क समाधानी दिसत होते.

दाराशी निरोप घेताना राष्ट्राध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही घाई केली नसती, तर हे सगळं एकटीनं करून मोकळ्या झाला असता."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि यांनी पुढच्या आठवड्यात एकट्यानं फिरवलं असतं."

डॉक्टरांनी ते नाकारलं नाही.

धक्क्यावर माणूस मावत नव्हता. गेल्या वर्षी ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं, त्या बायका सर्वांत पुढे उभ्या होत्या. त्यांना भ्याड म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. बाईंना पाहून आरडाओरडा झाला. डॉक्टर पुढे आले तसा तो थांबला, कारण हे आपले आहेत आणि आता जहाज हाकलणार, अशी लोकांची खात्री होती. डॉक्टर भाषण करणारे नव्हेत. माणसं उतरवायची असा निर्णय झालाय, त्यांनी सांगितलं. निर्णय बाईंच्या मंत्रिमंडळाचा आहे आणि मी पंतप्रधान झाल्यावर तो फिरवणार नाही. गोदामाच्या दारात पहारा असेल, गावचं पाणी वेगळं राहील, आणि पहिला आठवडाभर मी स्वतः रोज येऊन बघून जाईन.

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. मग गर्दीतून एक मासा भिरभिरत आला आणि डॉक्टरांच्या कोटावर आपटून खाली पडला. डॉक्टरांनी तो उचलला, सवयीनं त्याचा डोळा पाहिला, कल्ला उघडून पाहिला.

"शिळा आहे," ते म्हणाले. "हा कुणी खाऊ नका."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी काही जण हसले. पुढच्या बायका हसल्या नाहीत, पण त्यांतली एक जण वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, गोदामात पांघरुणं आहेत का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरेशी नाहीत. ती तशीच घराकडे गेली आणि दुपारी गोधड्यांचा गठ्ठा दाराशी ठेवून गेली.

होड्या यायला लागल्या. शेवटच्या होडीत जहाजाचा म्हातारा आचारी होता. तापानं त्याचे डोळे लाल झाले होते आणि हातात आपला पळा त्यानं घट्ट धरला होता, जणू तेवढाच त्याचा ऐवज. त्यानं काहीतरी विचारलं. त्याची भाषा कुणालाच येत नव्हती. बाईंनी वाकून पायाखालच्या जमिनीवर हात थोपटून दाखवला. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि डोळे मिटले.

सगळेच वाचले नाहीत. आणखी दोघे गेले. बाकीचे महिन्याभरात उठून बसले. गावात एकालाही ताप आला नाही आणि जाताना आचाऱ्यानं गोदामाच्या अंगणात सगळ्यांसाठी कसलीशी दाट खिचडी शिजवली, ती पहाऱ्यावरच्या शिपायांनीसुद्धा खाल्ली. डॉक्टर तोवर रीतसर पंतप्रधान झाले होते. पहिला आठवडा ते खरंच रोज आले.

अधिवेशन सुरू झालं तेव्हा बाई विरोधी बाकावर पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या शेजारी त्यांच्याच पक्षाचा एक तडफदार वकील बसायचा. आवाज असा की ध्वनिक्षेपक नसला तरी चाले. सगळे त्याला भोंगा म्हणत. पक्षाचा पुढचा नेता हाच होणार, अशी कुजबुज होती. बाईंनी त्याला जहाजाचा विषय काढू नकोस म्हणून आदल्या दिवशी बजावलं होतं. का, ते सांगता येत नव्हतं. भोंग्याला वाटलं, बाई थकल्या.

तो उठला. ज्यांनी बंदर बंद करण्याच्या शपथा घेतल्या त्यांनीच शपथविधीच्या आधी बंदर उघडलं की नाही, असं त्यानं पंतप्रधानांना विचारलं. वाक्य जरा ओबडधोबड होतं पण लागायचं तिथे लागलं. विरोधी बाकांवर बाकं बडवली गेली. पंतप्रधानांच्या मागे बसलेले मित्रपक्षाचे लोक अस्वस्थ झाले. डॉक्टर समोरच्या कागदाकडे पाहत राहिले. त्यांनी मान वर केली नाही, बाईंकडे पाहिलंही नाही.

बाई उठल्या. आता खरं वाक्य येणार, म्हणून त्यांच्या पक्षाच्या लोकांनी बाकं बडवणं थांबवलं.

"सभापती महोदय, प्रश्न चुकीच्या बाकाला विचारला गेला आहे," त्या म्हणाल्या. "निर्णय माझ्या मंत्रिमंडळाचा होता. सही राष्ट्राध्यक्षांची होती. आणि ती माणसं खाटेवर राहिली ती समोर बसलेल्या गृहस्थांनी आपल्याच लोकांपुढे शब्द दिला म्हणून. आमच्यापैकी एकालाही ते एकट्यानं जमलं नसतं. सन्माननीय सदस्यांना कुणाला तरी धारेवर धरायचंच असेल, तर मी त्यांच्या शेजारीच बसते."

त्या बसल्या. डॉक्टरांनी पुढ्यातला तयार करून आणलेल्या उत्तराचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला. तो कांजण्यांच्या लशीबद्दल होता.

याची किंमत बाईंना द्यावी लागली. पुढच्या महिन्यात पक्षानं त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि पहिल्या रांगेत भोंगा आला. त्याचं त्यांना वाईट वाटलं. वाटणारच होतं. तिसऱ्या रांगेत पंखा नीट लागत नाही, एवढंच त्या लोकांना सांगत.

नव्या, लहान घरात यजमान अजून कपबशा सोडवत होते. प्रत्येक बशीवरचा कागद ते सुरकुत्या काढून वाचत, म्हणून काम संपत नव्हतं. त्या संध्याकाळी बाई तिसऱ्या रांगेतून पहिल्यांदाच घरी आल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून कागद सोडवू लागल्या. दवाखान्यातली ती गोष्ट त्यांनी फक्त यजमानांना सांगितली होती.

"मला एक सांग," यजमान म्हणाले. "ते वाक्य होतं तरी चांगलं का गं?"

"फार चांगलं होतं."

"भोंग्याच्यापेक्षा?"

"भोंग्याचं काय घेऊन बसलात."

यजमानांनी हातातली बशी खाली ठेवली. "मग मला तरी म्हणून दाखव. इथे कोण ऐकतंय?"

बाईंनी एक कप दिव्यासमोर धरून पाहिला. कुठे तडा गेला नव्हता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ते मी दिलंय."